नाण्याचा खेळ आणि गावची सभा

साहित्याच्या विद्यार्थ्याला एखाद्या गावाच्या सभेचे इतिवृत्त वाचावयास देणे ही शिक्षाच वाटण्याचा संभव आहे. अमुक गल्लीचे डांबरीकरण, तमुक पदपथाची डागडुजी, गटाराचा उतार, शाळेच्या छताची गळती, आणि शेवटी आभारप्रदर्शन. यात वाङ्मयाचा गंध कोठला? आम्हांसही असेच वाटत असे. परंतु 'संहिता कशास म्हणावे' आणि 'वाचक संहितेत कितपत सहभागी असतो' हे जे प्रश्न आपण वर्गात ईझर किंवा फिश यांच्या पुस्तकांतून शिकवतो, ते अमेरिकेत काही वर्षे अगदी निराळ्या ठिकाणी लढवले जात होते. ते ठिकाण म्हणजे रस्त्यांचे खड्डे बुजवण्याचे ठराव करणाऱ्या ग्रामसंस्था आणि नगरपरिषदा. वादाचा विषय होता नाणे टाकून खेळावयाचे यंत्र.

मॅसॅच्युसेट्स राज्यात बॉस्टनच्या दक्षिणेस समुद्रकाठी मार्शफील्ड नावाचे गाव आहे. प्लिमथ वसाहतीच्या काळातले, १६४० साली रीतसर गाव म्हणून मान्यता पावलेले. प्रख्यात वक्ता डॅनिएल वेबस्टर येथे राहिला आणि १८५२ साली येथेच वारला. गावाची दुसरी ओळख ही की तेथे 'टाउन मीटिंग' भरते. आपण तिला गावसभा म्हणू. नोंदणीकृत मतदार स्वतः सभागृहात येतात, बोलतात आणि हात वर करून कायदा करतात. प्रतिनिधी नाहीत. सभेपुढे यावयाच्या विषयांची पत्रिका निदान सात दिवस आधी जाहीर करावी लागते आणि पत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. दहा मतदारांनी सह्या केल्या की त्यांचा विषय वार्षिक सभेच्या पत्रिकेत घ्यावाच लागतो. हा दहाचा आकडा जुना आहे. १८३१ साली अमेरिका पाहून गेलेल्या तोकव्हिलने आपल्या ग्रंथाच्या १८३५ सालच्या पहिल्या भागात न्यू इंग्लंडच्या गावांविषयी लिहिताना तो नोंदवला आहे. त्या गावांतल्या एकोणीस प्रमुख अधिकाऱ्यांची तो मोजदाद करतो, आणि त्यांत रस्त्यांची देखरेख करणारेही आहेत. स्वातंत्र्याची प्राथमिक शाळा म्हणून जी संस्था त्याला दिसली, तिच्या दैनंदिनीत रस्ता प्रथमपासून होता, हे आपण सहसा विसरतो. एमर्सन आणि थोरो वाचताना गावसभेचा गौरव आपल्या लक्षात राहतो, रस्त्याचा चिखल राहत नाही.

तो चिखल थोडा पाहू. न्यू इंग्लंडचा हिवाळा रस्त्याचा वैरी आहे. फटींतून झिरपलेले पाणी गोठते, फुगते आणि डांबर उचलून धरते. वसंतात ते वितळले की खालची जमीन भुसभुशीत होऊन वरचा थर खचतो. त्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ. दर वर्षी हेच. शिवाय अशा गावांत अनेक गल्ल्या खाजगी असतात. कोणा विकासकाने किंवा जुन्या जमीनमालकाने आखलेल्या, दोन्ही बाजूंना घरे उभी राहिलेल्या, पण गावाने कधी आपल्या म्हणून न स्वीकारलेल्या. अशा गल्लीला सार्वजनिक करावयाचे तर तिची रीतसर आखणी व्हावी लागते आणि मग गावसभेने ती मतदानाने स्वीकारावी लागते. खर्चाचा प्रश्न येतो तेव्हा 'बेटरमेंट' नावाची जुनी युक्ती पुढे येते. रस्ता सुधारल्यामुळे ज्यांच्या मालमत्तेची किंमत वाढली, त्यांनी त्या वाढीच्या मर्यादेत खर्चाचा वाटा उचलावा. रक्कम एकदम जड वाटली तर ती वीस वर्षांपर्यंत हप्त्यांनी फेडता येते. (ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यात ती होती आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही ती उतरली.) या व्यवस्थेतला न्याय आम्हांस मोठा रोखठोक वाटतो. ज्याला लाभ, त्याच्यावर भार. आणि ज्याच्यावर भार, त्याला सभेत बोलण्याचा अधिकार. घरापुढचा रस्ता किती फूट, येथपर्यंत हिशेब करता येतो.

नोव्हेंबर १९८० मध्ये या हिशेबाला हादरा बसला. 'प्रपोझिशन अडीच' या नावाने ओळखला जाणारा कायदा मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी मंजूर केला. गावाने वसूल करावयाचा एकूण मालमत्ता कर मालमत्तेच्या मूल्याच्या अडीच टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि तो दर वर्षी अडीच टक्क्यांहून अधिक वाढू नये, नव्या बांधकामाची गोष्ट वेगळी. याहून जास्त हवे असेल तर मतदारांना स्वतंत्रपणे विचारावे. त्यानंतर गावोगावी प्रत्येक पैशाला कात्री लागली. अशा वेळी पहिला बळी जातो तो रस्त्याचा, कारण खड्डा ओरडत नाही आणि शिक्षक ओरडतात. नेमक्या त्याच हंगामात गावांच्या दारी उत्पन्नाचे एक नवे साधन येऊन उभे राहिले होते. नाणे टाकून चालवावयाच्या करमणुकीच्या यंत्रांना परवाना देण्याचा आणि त्याचे शुल्क घेण्याचा अधिकार राज्याच्या कायद्याने स्थानिक संस्थांना दिलेला होता. १९७८ साली 'स्पेस इन्व्हेडर्स' आले, १९८० साली 'पॅक-मॅन', १९८१ साली 'डाँकी काँग'. पिझ्झाच्या दुकानात, धुलाईघरात, स्केटिंगच्या रिंकमध्ये पंचवीस सेंटांची नाणी खणखणू लागली.

मार्शफील्डच्या गावसभेने १९८२ साली जो उपविधी केला, तो परवान्याचा नव्हता, बंदीचा होता. नाण्यावर चालणारे करमणुकीचे कोणतेही यंत्र गावात चालवावयाचे नाही. मोहिमेच्या अग्रभागी अमली पदार्थांविरुद्ध काम केलेला एक निवृत्त पोलीस अधिकारी होता. युक्तिवाद ओळखीचे होते: मुले जेवणाचे पैसे यंत्रात घालतात, शाळा बुडवतात, रिकामटेकड्यांचे अड्डे जमतात, आणि अड्ड्यामागोमाग गांजा येतो. त्या सभेला आलेल्या आईबापांची आम्ही टवाळी करणार नाही. त्यांची भीती खरी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरात देशाचे सर्जन जनरल कूप यांनीही व्हिडिओ खेळांच्या मुलांवरील परिणामांविषयी चिंता बोलून दाखवली होती, आणि आदल्या वर्षी फिलिपिन्समध्ये मार्कोसने हुकूम काढून ही यंत्रे देशभर बंद पाडली होती. हुकूमशहा आणि गावसभा एकाच निर्णयावर येतात तेव्हा लोकशाहीच्या अभ्यासकाने क्षणभर थांबावे हे खरे. पण गावसभेने तो निर्णय सर्वांसमक्ष, चर्चेअंती घेतला हेही खरे.

येथे रस्त्याच्या ठरावात आणि खेळाच्या ठरावात जो फरक पडतो तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. रस्त्याच्या बाबतीत ज्याच्या दारापुढे काम होणार तो सभागृहात बसलेला असतो. खेळाच्या बाबतीत ज्यांचा खेळ बंद होणार होता त्यांतले बहुतेक अठरा वर्षांखालचे होते. त्यांना मत नव्हते. त्यांच्या वतीने न्यायालयात गेला तो स्केटिंग रिंकचा चालक, आणि त्याचे दुःख व्यापाऱ्याचे होते. मुलांचे म्हणणे काय होते हे या सगळ्या कागदपत्रांत व्यापाऱ्याच्या वकिलाच्या तोंडून ऐकावे लागते. आपल्याकडे दारूचे दुकान बंद करण्यासाठी महिलांचे जे मतदान होते, 'उभी बाटली' की 'आडवी बाटली', त्याची येथे आठवण होते. तेथे निदान जिला झळ पोचते तीच मत देते.

अशा बंदीला अमेरिकेत पूर्वपरंपरा होती. १९४२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कचा महापौर लाग्वार्डिया याने पिनबॉलवर बंदी आणली आणि जप्त केलेली यंत्रे घणाने फोडतानाची छायाचित्रे काढून घेतली. कारण असे दिले गेले की हा कौशल्याचा खेळ नाही, नशिबाचा आहे, म्हणजे जुगार. गंमत अशी की त्या वेळच्या पिनबॉलला, आज आपण ज्यांच्यामुळे तो खेळ ओळखतो ती खेळाडूच्या बोटांनी हलणारी फ्लिपरे नव्हतीच. ती १९४७ साली 'हम्प्टी डम्प्टी' नावाच्या यंत्रात आली. खेळ बदलला, शब्द तोच राहिला, आणि शब्दावरची बंदीही राहिली. १९७६ साली रॉजर शार्प नावाच्या तरुण लेखकाने न्यूयॉर्कच्या नगरपरिषदेच्या समितीपुढे प्रत्यक्ष यंत्र खेळून दाखवले. चेंडू वरच्या कोणत्या वाटेतून जाईल हे आधी सांगितले आणि चेंडू तेथूनच गेला. बंदी उठली. त्या नेमक्या चेंडूत नशिबाचाही वाटा होता, हे त्याने पुढे हसत कबूल केले आहे. कौशल्य सिद्ध करण्यासाठी नशिबाने केलेली ही मदत एखाद्या कथाकाराला सुचती तर आपण तिला कृत्रिम म्हटले असते.

१९८० नंतरच्या व्हिडिओ यंत्रांना मात्र जुगार म्हणता येईना, कारण ती पैसे परत देत नसत. तेव्हा वादाची जमीन बदलली. टेक्सासमधील मेस्कीट शहराने सतरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून ही यंत्रे खेळण्यास मनाई केली होती. ते प्रकरण १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण वयाच्या मुद्द्यावर न्यायालयाने निर्णय न देता ते परत पाठवले. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र वकिलांनी थेट आपल्या प्रांतात पाऊल टाकले. व्हिडिओ खेळ ही अभिव्यक्ती आहे, सबब तिला संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण आहे, असे त्यांनी मांडले. १९८३ साली ब्रॉक्टन शहराच्या परवाना मंडळाविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. पुढे मागे पुरेसा आशय व्यक्त करणारे खेळ निर्माण होतीलही, असे म्हणून न्यायालयाने दार किंचित किलकिले ठेवले; पण समोर आलेल्या पुराव्यावरून खेळताना होणारे कल्पनांचे संप्रेषण नगण्य दिसते, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी त्याच न्यायालयाने मार्शफील्डचा उपविधीही वैध ठरवला आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे अपील विचारात घेण्याजोगा संघीय प्रश्न नाही म्हणून काढून टाकले. त्याआधी १९८२ साली न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयात व्हिडिओ खेळाची तुलना बुद्धिबळाशी आणि बेसबॉलशी झाली होती. नियम आहेत, सोंगट्या आहेत, म्हणून ते भाषण होत नाही.

तारखा जुळवून पाहा. वुल्फगांग ईझर यांचे वाचनक्रियेवरील पुस्तक इंग्रजीत १९७८ साली आले. स्टॅन्ले फिश यांचे 'इज देअर अ टेक्स्ट इन धिस क्लास?' १९८० सालचे. संहितेतल्या रिकाम्या जागा वाचक भरतो, अर्थ वाचकाच्या कृतीत घडतो, हे विद्यापीठांत ठामपणे सांगितले जात होते. आणि त्याच काळात न्यायालये म्हणत होती की जेथे माणूस कृती करतो तेथे आशय नसतो! वाचक कृतिशील असणे हे समीक्षेत भूषण ठरत होते, न्यायालयात तेच दूषण ठरले. दोन्ही मंडळी एकमेकांना वाचत नव्हती, एवढेच याचे कारण असावे. साहित्यिकांपैकी मार्टिन एमिस याने १९८२ साली 'स्पेस इन्व्हेडर्स'च्या व्यसनावर एक पुस्तक लिहिले, पण त्याच्या ग्रंथसूचीत ते बरीच वर्षे अडगळीतच राहिले.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वाटेने गेला, म्हणून दोन शब्द. बंगळूरहून छापल्या जाणाऱ्या वृत्तपत्रातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षिसाच्या शब्दकोड्यांची स्पर्धा चालत असे आणि मुंबई राज्यात तिचे हजारो स्पर्धक होते. मुंबई राज्याने कायद्याने तिच्यावर नियंत्रण व कर आणला. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की जुगार हा व्यापार नव्हेच, तेव्हा त्याला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही. शब्दकोडे! भाषेचाच खेळ, पण तो भाषा म्हणून न्यायालयापुढे आला नाही, कौशल्य की नशीब या प्रश्नापुढेच त्याला उभे राहावे लागले. १९९५ साली एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात व्हिडिओ गेम पार्लरांनाही याच कसोटीवर घासले गेले आणि परवान्याची अट वैध ठरली. तेथेही मुख्य वाद व्यवसायाचा होता, कलम १९(१)(छ) चा. गल्लीतल्या पार्लरमध्ये डोळे विस्फारून उभा असलेला मुलगा काहीतरी 'वाचतो' आहे, असे म्हणण्याचे धाडस त्या वेळी आपल्या कोणा समीक्षकानेही केल्याचे आमच्या वाचनात नाही.

ते धाडस एका न्यायाधीशाने केले. २००० साली इंडियानापोलिस शहराने अध्यादेश काढला: अठरा वर्षांखालील मुलांना पालकांवाचून हिंसक यंत्रखेळ खेळू देऊ नये आणि अशी यंत्रे आडपडद्यामागे ठेवावीत. हे प्रकरण २००१ साली सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयात रिचर्ड पॉझ्नर यांच्यापुढे आले. पॉझ्नर म्हणजे १९८८ साली 'लॉ अँड लिटरेचर' लिहिणारे गृहस्थ. त्यांनी होमर, दान्ते आणि टॉलस्टॉय यांना साक्षीला बोलावले. पॉलिफीमसच्या डोळ्यात खुपसलेला तापलेला खुंट, नरकातल्या यातना, 'वॉर अँड पीस'मधली गोळ्या घालून दिलेली देहदंडाची शिक्षा. हे मुलांपासून लपवावयाचे काय? 'द हाउस ऑफ द डेड' या झोंबींच्या खेळात त्यांना आत्मरक्षण, दुबळ्यांचे रक्षण, मेल्या जीवांचे भय आणि प्रचंड संख्येपुढे एकाकी झुंज ही अतिप्राचीन कथासूत्रे दिसली. शहराच्या वकिलांनी जुनाच मुद्दा काढला, की खेळ परस्परक्रियात्मक आहे, पुस्तक नाही. पॉझ्नर यांचे उत्तर असे की वाङ्मय सारेच परस्परक्रियात्मक असते, आणि जितके ते चांगले तितके अधिक. ईझर वर्गाबाहेर पडून अखेर निकालपत्रात पोचला होता, जरी त्याचे नाव कोणी घेतले नाही.

पॉझ्नर यांच्या निकालातला दुसरा धागा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. अठराव्या वर्षी मतदानाचा अधिकार मिळतो (१९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने तो दिला). मग अठरा पूर्ण होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत मन फुग्यात जपून ठेवलेला मुलगा दुसऱ्या दिवशी मतदार कसा होणार? मार्शफील्डच्या सभागृहात ज्यांना जागा नव्हती, त्यांच्या बाजूने कोणीतरी प्रथमच व्यापाऱ्याच्या नव्हे तर नागरिकाच्या भाषेत बोलले. तरीही आमचा एक आक्षेप आहे. पॉझ्नर यांनी त्या खेळाला वाचवले ते त्यात जुनी कथा शोधून. जेथे कथा नाही, केवळ लय, गती आणि चक्रव्यूह आहे, त्या 'पॅक-मॅन'साठी होमरची साक्ष काय कामाची? संगीताला कोणी कथानक विचारत नाही. खेळाला ते विचारले जावे यात वाङ्मयाचा थोडा अहंकार आहे, आणि तो आपलाही आहे.

२०११ साली कॅलिफोर्नियाच्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी व्हिडिओ खेळांना अभिव्यक्तीचे पूर्ण संरक्षण दिले. न्यायमूर्ती स्कालिया यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथा काढल्या: भट्टीत ढकललेली चेटकीण, कबुतरांनी फोडलेले डोळे. भिन्नमत देणाऱ्या दोघांपैकी न्यायमूर्ती थॉमस मात्र थेट वसाहतकालीन न्यू इंग्लंडात गेले. प्युरिटन कुटुंबात मुलांवर आईबापांचा पूर्ण अधिकार असे, तेव्हा संविधानकर्त्यांना मुलांशी परस्पर बोलण्याचे स्वातंत्र्य अभिप्रेत असणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो पटो न पटो, मार्शफील्डच्या सभेमागे उभी असलेली सावली त्यांनी ओळखली होती असे म्हणावे लागेल.

मार्शफील्डची बंदी या निकालानंतरही गावाच्या पुस्तकात होती. मधल्या काळात ती उठवण्याचे प्रयत्न गावसभेत फसले होते. दरम्यान तेच खेळ प्रत्येक घरातल्या दूरदर्शन संचावर आणि मग प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर आले. उपविधीत शब्द होता नाण्याचा, आणि फोनला नाणे लागत नाही. २०१४ च्या गावसभेत विषय पुन्हा आला आणि निसटत्या बहुमताने बंदी उठली. निसटत्या, म्हणजे बत्तीस वर्षांनंतरही सभागृहातले अनेक हात तिच्या बाजूने वर गेले. १९८२ साली जो मुलगा बारा वर्षांचा होता, तो या सभेच्या वेळी चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि त्याला मत होते. तो कोणत्या बाजूने बसला असेल याचा अंदाज आम्ही बांधत नाही. बहुधा त्याचीही मुले आता बारा वर्षांची होती.